पहिला व्हिडिओ गुऱ्हाळावर करा

पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी पहिला व्हिडिओ केला, तो करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर. डिसेंबरची पहाट होती. चुलवाण, म्हणजे गुऱ्हाळाची भट्टी, धडधडत होतं, वरच्या काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, रस अडीच तास उकळून गुळाला आला होता आणि काहील उतरवायला माणसं सरसावली होती. मी फोन धरून तयार होते. काहील हलली आणि नेमका माझा फोन वाजला. आईचा होता. रेकॉर्डिंग तिथंच थांबलं. फोन कापून मी पुन्हा बटण दाबेपर्यंत सगळा पाक वाफ्यात, म्हणजे तो निववायच्या उथळ जागेत, पसरला होता.

माझा चेहरा बघून गुळवे मामा, म्हणजे तिथले गूळ शिजवणारे कारागीर, म्हणाले, "दुपारी दुसरं आधण निघंल की. तवर बस, ऊस खा."

मी बसले. शूट करण्यासारखं काही उरलंच नाही असं वाटत होतं, म्हणून तीन तास नुसतं काम बघितलं. व्हिडिओ कसा करायचा ते मला त्या तीन तासांत कळलं. काही कामं दिवसभर पुन्हा पुन्हा होतात: चरकात ऊस घालणं, चुलवाणात चिपाड, म्हणजे रस काढलेला ऊस, सारणं, रसावर येणारी मळी काढणं. काही कामं आधणागणिक, म्हणजे काहिलीच्या दर घाण्याला, एकदाच होतात: भेंडीचं पाणी सोडणं, पाकाची गोळी बघणं, काहील उतरवणं. पुन्हा होणारं काम निवांत, पाच बाजूंनी टिपता येतं. एकदाच होणाऱ्या कामासाठी मात्र आधीपासून जागा धरून उभं राहावं लागतं. आता कॉलेजातली पोरं माझ्याकडे शिकायला येतात, तेव्हा कॅमेऱ्याचं बटण दाखवण्याआधी मी त्यांना हेच विचारते: तुम्ही जिथं जाणार आहात, तिथं पुन्हा पुन्हा काय होतं आणि एकदाच काय होतं? कागदावर दोन रकाने पाडा आणि लिहा. रकाने भरता आले नाहीत तर तुम्ही ती जागा अजून बघितलेली नाही. पहिल्या दिवशी फोन खिशातच राहू द्या.

गुऱ्हाळ जवळ नसेल तर बेकरी, लोहाराचा भाता, चपला बनवणाऱ्या कारागिराचं घर, पापड लाटणारा बचतगट, कांद्याचा लिलाव यातलं काहीही चालेल. मात्र जिथं हातानं काम चालतं अशीच जागा घ्या. नवशिके बहुतेक वेळा सत्कार समारंभ किंवा पत्रकार परिषद निवडतात, कारण तिथं आमंत्रण असतं आणि खुर्ची मिळते. पण तिथं सगळे बसलेले असतात आणि बोलत असतात. त्यातून कॅमेरा धरायला शिकता येत नाही.

फोन आणि त्याच्या आधीची तयारी

कॅमेरा विकत घेऊ नका, निदान पहिलं वर्षभर तरी. फोन पुरतो. ज्या कोल्हापुरात चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा स्वतः घडवला, तिथल्या पोरांनी सामान नाही म्हणून अडून बसावं, हे मला पटत नाही. बुंदेलखंडातल्या 'खबर लहरिया'च्या बायकांनी २००२ साली हातानं लिहिलेल्या वर्तमानपत्रापासून सुरुवात केली आणि पुढं फोनवरच व्हिडिओ बातम्या करायला लागल्या. त्यांच्या बातम्या बघा. 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटवरचे जात्यावरच्या ओव्यांचे व्हिडिओही बघा, ते मराठीतच आहेत. एकदा आवाज बंद करून बघा आणि दर वेळी चित्र कुठं बदलतं ते मोजा. मग डोळे मिटून फक्त ऐका. एका व्हिडिओवर असा तासभर घालवला तरी तो वाया जात नाही.

माझ्यासारखा घोटाळा होऊ नये म्हणून शूटच्या आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका. घरी सांगून निघा, म्हणजे कुणी काळजी करणार नाही. फोनमध्ये जागा आहे का ते बघा: साध्या १०८०पी चित्रीकरणाला मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी लागतात. म्हणजे तासाभराच्या फुटेजला आठ जीबीपर्यंत जागा हवी. फोर-के कशाला? जागा जाते, फोन तापतो, आणि बघणारा ते सहा इंचांच्या पडद्यावर बघतो. भिंगावर बोटाचे ठसे असतात, ते सुती कापडानं पुसून घ्या. हिवाळ्यात बाहेरच्या गारठ्यातून फोन काहिलीजवळ नेला की भिंगावर दव धरतं. पुसलं तरी पुन्हा धरतं. त्यापेक्षा आल्या आल्या फोन आतल्या उबेत पंधरा मिनिटं ठेवून द्या.

एक तांत्रिक गोष्ट तेवढी नीट लक्षात ठेवा, कारण ती वर्गात कुणी सांगत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. ट्यूबलाइट आणि कितीतरी स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण फोनचा शटर वेग, म्हणजे एक फ्रेम टिपायला लागणारा वेळ, त्याच्याशी जुळला नाही तर चित्रात काळे पट्टे सरकत राहतात. उपाय सोपा आहे: सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०. फोनच्या मूळ कॅमेऱ्यात ही सोय नसेल तर अँड्रॉइडवर 'ओपन कॅमेरा' फुकट मिळतो. 'ब्लॅकमॅजिक कॅमेरा' हे ॲपही फुकट आहे. फोन ३० फ्रेमच्या खाली येतच नसेल तर ३० ठेवा, पण शटर १/५० किंवा १/१०० वरच ठेवा. फोन आडवा धरायचा की उभा, हे व्हिडिओ कुठं दाखवणार त्यावरून निघण्यापूर्वीच ठरवा. तिथं जाऊन मत बदललं की दोन्हीकडचं अर्धंअर्धं फुटेज हाती राहतं.

उसाची मोळी, चरक आणि पाच शॉट

आता पुन्हा पुन्हा होणारं एकच काम घ्या. चरकात ऊस घालणारा माणूस. त्याचे पाच शॉट घ्यायचे. पहिला फक्त हातांचा: ऊस धरलेली मूठ, सालीवरची पांढरी भुकटी, बोटांवरचे चिरे. दुसरा फक्त चेहऱ्याचा. तिसरा जरा लांबून, माणूस आणि चरक दोन्ही दिसतील असा. चौथा त्याच्या खांद्यामागून, म्हणजे त्याला जे दिसतं ते बघणाऱ्याला दिसेल. पाचवा तुमच्या मनानं: चरकाच्या पलीकडे सपाट होऊन पडणारं चिपाड घ्या, नाहीतर मांदणात, म्हणजे रस साठायच्या भांड्यात, पडणारी रसाची धार.

हातांचा शॉट पहिला घ्यायला सांगते त्याला कारण आहे. नवखं माणूस चेहऱ्यापासून सुरुवात करतं, मग समोरचा अवघडतो आणि कॅमेऱ्याकडे बघत हसतो. हातांकडे फोन धरला की त्याला वाटतं, ही पोरगी कामाचं शूटिंग करतेय. तो कामात राहतो. दहा मिनिटांनी चेहऱ्याकडे वळलात तर त्याच्या ते ध्यानातही येत नाही.

प्रत्येक शॉट दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा. मनात मोजा, सावकाश. फोन हलवायचा नाही, डावीकडून उजवीकडे फिरवायचा नाही, बोटांनी झूम करायचं नाही. कोपरं बरगड्यांना टेकवा, पाठ खांबाला लावा, श्वास हळू सोडा. झूम हवं असेल तर दोन पावलं पुढं जा. दहा आकडे किती लांब असतात ते पहिल्यांदा मोजताना कळतं. चौथ्या आकड्याला हात शिवशिवतात. पण संकलनाला बसलात की त्या दहातले मधले चार-पाच सेकंदच कामाला येतात, आणि तीन सेकंदांचा शॉट घेतलेला असेल तर काहीच येत नाही.

एक बाजू धरा आणि ती सोडू नका. ऊस डावीकडून उजवीकडे जाताना दिसत असेल तर पाचही शॉटमध्ये तसाच जायला हवा. चरकाच्या पलीकडे जाऊन एक शॉट घेतलात की पडद्यावर ऊस उलटा येतो आणि बघणारा गोंधळतो.

पुढं जाण्याआधी एक सांगते, मुलींना जरा जास्त जोर देऊन. चरकाजवळ ओढणी नको. घरीच ठेवा, नाहीतर कमरेला घट्ट खोचून गाठ मारा. केस बांधा. काहिलीजवळ कुठं उभं राहायचं ते गुळव्याला विचारा आणि तो सांगेल तिथंच राहा. मी चांगल्या शॉटसाठी एक पाऊल पुढं टाकलं तेव्हा मामा ओरडले होते, "हितं हुबी ऱ्हाऊ नगंस, वाफ लागंल!" वाफ खरंच लागते. मनगटावरचा डाग मला आठवडाभर पुरला. फोनच्या पडद्यात बघताना पायाखालचं भान राहत नाही, म्हणून शक्य असेल तर जोडीदार न्या. शॉट चालू असताना त्यानं फक्त तुमच्याकडे बघायचं.

उजेडाचं थोडक्यात. गुऱ्हाळात अंधार असतो आणि दारातून झगझगीत ऊन येतं. माणसाच्या पाठीशी दार आलं की माणूस काळा पडतो. तुम्ही दाराकडे पाठ करा, म्हणजे ऊन त्याच्या तोंडावर येईल. वाफेचं मात्र उलट आहे. वाफेच्या मागून ऊन आलं तरच ती सोन्यासारखी दिसते, पुढून आलं तर नुसता पांढरा पडदा होतो. पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही पक्के होतात. ते न करता वाफेत शूट केलंत तर फोन मिनिटभर फोकस शोधत बसतो.

आता एकदाच होणारं काम. काहील उतरताना पाच शॉट मिळत नाहीत, एकच मिळतो. म्हणून आदल्या आधणाला फोन न काढता बघून ठेवा: माणसं कुठून येतात, पाक कुठल्या बाजूला ओततात, तुमच्यासमोर कुणाची पाठ येते. दुसऱ्या आधणाला लांबचा शॉट धरून, हालचाल सुरू व्हायच्या मिनिटभर आधीच रेकॉर्डिंग चालू करा, आणि पाक वाफ्यात निवळेपर्यंत बंद करू नका. मध्येच जवळ जायचा मोह होतो. जाऊ नका. जवळचे शॉट तिसऱ्या आधणाला घ्या. तीन आधणं म्हणजे अख्खा दिवस. हे काम तेवढा वेळ मागतं.

आवाज

चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात. आवाज खराब असेल तर उठून जातात. म्हणून पहिले पैसे आवाजावर घाला. तारेचा कॉलर माइक हजाराच्या आत येतो. इयरफोन तुमच्याकडे आहेतच. बाइट, म्हणजे समोरच्याचं कॅमेऱ्यावरचं बोलणं, घेण्याआधी दहा सेकंद रेकॉर्ड करा, लगेच ऐका, मगच पुढं जा. ही दहा सेकंदं मी एकदा वाचवली. माइकचं बटण चुकीच्या बाजूला होतं, आणि चाळीस मिनिटांच्या मुलाखतीत चरकाच्या घरघरीशिवाय काही नव्हतं. मामांनी दुसऱ्यांदा तेच सगळं सांगितलं, पण पहिल्यांदा सांगताना त्यांचा आवाज जिथं भरून आला होता, तिथं तो पुन्हा आला नाही. बाइटसुद्धा एकदाच होणारी गोष्ट आहे.

मोटार चालू असताना बाइट घेऊ नका. माझ्यासाठी मोटार बंद करा, असंही म्हणू नका, तिथं लोकांचा रोज बुडतो. ऊस संपून मोटार थांबते तेवढी वेळ गाठा. गुळव्याच्या अंगात बहुतेक वेळा बनियन असतं आणि खांद्यावर टॉवेल. माइक बनियनच्या गळ्याला लावा आणि टॉवेल दुसऱ्या खांद्यावर घ्यायला सांगा, नाहीतर प्रत्येक वाक्यात खरखर येते.

बाइट झाली तरी माइक काढायची घाई नको. सगळ्यांना गप्प राहायला सांगून नुसत्या जागेचा आवाज तीस सेकंद घ्या. मग फोन जवळ नेऊन वेगळे आवाज घ्या: मांदणात पडणारी धार, चुलवाणात तडतडणारं चिपाड, शेवटाला आलेल्या पाकाची फदफद. रस पातळ असताना त्याचा खळखळाट असतो, घट्ट झाला की आवाज जड होतो. गुळवे मामा निम्मी परीक्षा कानानंच करतात. माझ्या पहिल्या व्हिडिओत मी तिथं गाणं टाकणार होते. हा आवाज ऐकल्यावर गाणं काढून टाकलं.

बाइट घेताना आपलं तोंड

आपली मराठी माणसांची सवय आहे: समोरचा बोलायला लागला की आपण "हं, हं", "अच्छा", "बरोबर" करत राहतो. घरात तो आदर असतो. बाइटमध्ये ते प्रत्येक वाक्यावर चढतं आणि कापता येत नाही. नुसती मान हलवा, डोळ्यांत बघा. हे जमायला मला दोन महिने लागले.

प्रश्न असा विचारा की उत्तर "हो" किंवा "नाही" येणारच नाही. "अनुभवानं कळतं का मामा?" असं विचारलं तर उत्तर येतं, "व्हय." त्याऐवजी म्हणा, "काहील उतरवायची वेळ कशी ओळखता, ते सांगा." मग ते थंड पाण्याची वाटी मागवतील, त्यात पाकाचा थेंब सोडतील, बोटांनी गोळी करून तुमच्या तळहातावर ठेवतील. एवढ्यानं तुमच्या व्हिडिओचा कणा तयार झाला. उत्तर संपलं असं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. पाच आकडे गप्प राहा. खरं बोलणं पुष्कळदा त्या पाच आकड्यांनंतर येतं. आमच्या भागातली गुऱ्हाळं एकेक करून का बंद पडली, हे मला कुणी विचारल्यावर सांगितलेलं नाही. मी गप्प बसल्यावर सांगितलं.

परवानगी तोंडी घेतलीत तरी ती रेकॉर्ड करा: नाव, गाव, आणि "हा व्हिडिओ दाखवायला माझी हरकत नाही" एवढं वाक्य. मालकानं हो म्हटलं म्हणजे मजुरांनीही हो म्हटलं असं नाही, प्रत्येकाला वेगळं विचारा. लहान पोरं आजूबाजूला असतात, आईबापांना विचारल्याशिवाय त्यांचे चेहरे नकोत. पुढं गुन्ह्यांच्या बातम्या कराल तेव्हा कायदा आणखी कडक आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि बालक असेल तर पोक्सो (बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) आणि बाल न्याय कायदाही लागतो. नाव झाकलं पण घराचं दार किंवा शाळेचा गणवेश दिसला तरी ओळख उघड होते.

जुळवाजुळव

घरी आल्यावर झोपण्यापूर्वी फुटेजच्या दोन प्रती करा, दोन वेगळ्या ठिकाणी. फाइलला तारीख आणि जागा लिहा. संकलनासाठी लॅपटॉप बरा असेल तर 'दाविंची रिझॉल्व्ह'ची फुकट आवृत्ती घ्या. लॅपटॉप जुना असेल तर 'केडेनलाइव्ह' किंवा 'शॉटकट'. फोनवरच्या लांब मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून सुटतात, कारण फोन फ्रेमचा वेग कमी-जास्त करत राहतो. 'हँडब्रेक' या सॉफ्टवेअरमधून फाइल एकसारख्या फ्रेमवेगाची करून घेतली की ते जुळतं. या दुखण्यावर मी तीन रात्री जागले, म्हणून लिहून ठेवते.

आधी बाइट उतरवून काढा, शब्दन् शब्द, वेळेसकट. त्यातली निवडक वाक्यं टाइमलाइनवर ठेवा, मग चित्रं लावा. व्हीओ, म्हणजे चित्रांवर वाचायचं निवेदन, सर्वांत शेवटी. चित्रात दिसतं तेच व्हीओत सांगू नका. हात मळी काढताना दिसत असेल तर "गुळव्या मळी काढत आहे" हे वाक्य फुकट गेलं. तिथं बघणाऱ्याला दिसत नाही ते सांगा: एका आधणाला अडीच-तीन तास जातात, जळणाला बाहेरचं लाकूड लागत नाही, त्याच उसाचं चिपाड वाळवून पुरतं, कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. व्हीओ मोठ्यानं वाचा. जिथं दम लागेल तिथं वाक्य तोडा.

सबटायटलमध्ये मामांची भाषा "सुधारू" नका. ते "निघंल" म्हणाले तर "निघेल" लिहू नका. पुण्यातल्या माणसाला कळणार नाही, ही भीती खोटी आहे, त्याला कळतं. अक्षरासाठी युनिकोड फाँटच वापरा, 'मुक्ता' किंवा 'बलू' फुकट मिळतात आणि वाचायला स्वच्छ आहेत. जुन्या डीटीपीच्या फाँटमध्ये मजकूर टाकलात तर जोडाक्षरं फुटतात.

पहिला व्हिडिओ तीन मिनिटांच्या वर नेऊ नका. माझा साडेसात मिनिटांचा झाला होता. कापता कापता दोन मिनिटं पन्नास सेकंदांवर आला, आणि कापलेल्यातलं आज मला काहीही परत घालावंसं वाटत नाही.

तयार झालेला व्हिडिओ घेऊन मी पुन्हा गुऱ्हाळावर गेले. कुणाच्या कारभाराची बातमी असेल तर प्रसिद्धीआधी ती कुणाला दाखवायची नसते. पण इथं एका माणसाचा हुन्नर दाखवला होता आणि तो चुकीचा दाखवला तर मान त्याची जाणार होती. मामांनी हात धुतले, टॉवेलला पुसले, फोन हातात घेतला आणि सगळा व्हिडिओ न बोलता बघितला. मग म्हणाले, "पुन्यांदा लाव." एका ठिकाणी त्यांनी बोट ठेवलं. मी मळी काढण्याचा शॉट आधी लावला होता आणि भेंडीचं पाणी सोडण्याचा नंतर.

"भेंडी टाकल्याबिगार मळी वर यील कशी?"

मी तिथंच पोत्यावर बसले, लॅपटॉप उघडला आणि ते दोन शॉट बदलले. मामा तोवर काहिलीकडे गेले होते. त्यांना तिथं नेऊन दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि झारा उचलला. मग मी फाइल पुन्हा काढली आणि कॉलेजात दिली.